कापूस : पऱ्हाटी पहा

नलू, आपलं भांडण अर्धं राहिलं आहे. अर्धं भांडण टाकून निघून जायचा तुझा स्वभाव नव्हता. मी घरी जायला निघाले, पायात चपला सरकवल्या, तरी तू मुद्दा घेऊन वाचनालयाच्या पायरीपर्यंत यायचीस. या वेळी मात्र तू निघून गेलीस आणि शेवटचं वाक्य माझ्याकडे राहिलं. त्याचं काय करायचं ते मला समजत नाही. जिंकल्यासारखं तर मुळीच वाटत नाही.

परवा तुझा तेरावा झाला आणि काल आपल्या अध्यक्षांचा, वकीलसाहेबांचा, निरोप आला. येत्या रविवारी वाचनालयाची समिती बसणार आहे. विषय एकच, तुझं कपाट. नलिनीबाईंनी लिहिलेली विषयांची कार्डं शुद्ध मराठीत करून घ्यायची आणि जी होणार नाहीत ती काढून टाकायची, असा ठराव मांडायचा आहे. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला तेव्हापासून समितीला वाटतं की मोठे पाहुणे कधीही दारात उभे राहतील, तेव्हा कपाटंसुद्धा धुऊन इस्त्री करून ठेवलेली बरी. आणि त्यांना माझं मत हवं आहे. एवढी वर्षं मी तुझ्या विरुद्ध बोलत आले हे साऱ्या वर्ध्याला ठाऊक आहे. तुझं कपाट मोडायला माझ्याहून चांगला साक्षीदार त्यांना कुठे मिळणार?

आमच्या ह्यांनी रात्री जेवताना विचारलं, "एवढं आहे तरी काय त्या कपाटात?" मी सांगितलं, अहो, पुस्तक फळीवर एकाच जागी असतं, पण माणसं ते हजार नावांनी मागतात. म्हणून प्रत्येक विषयाचं एक कार्ड करायचं आणि त्यावर त्या विषयाची पुस्तकं लिहायची. त्याच विषयाला लोक आणखी एखादं नाव देत असतील तर त्या नावाचंही कार्ड करायचं, पण त्यावर पुस्तकं नाहीत, नुसती वाट दाखवायची : अमुक पहा. 'कापूस' हे मुख्य कार्ड आणि 'पऱ्हाटी'वर लिहायचं 'कापूस पहा', हे माझं म्हणणं. पऱ्हाटी हे मुख्य आणि 'कापूस'वर लिहायचं 'पऱ्हाटी पहा', हे नलूचं. हे म्हणाले, "म्हणजे दोन्हीकडून त्याच पुस्तकाशी पोचतो ना? मग भांडण कसलं?" गणिताचे मास्तर ते. त्यांचं उत्तर बरोबर आलं की गणित संपलं.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "मास्तर, घर कोनाचं आन पावना कोन, याचं भांडन हाय हे." तुझा आवाज मला इतका स्पष्ट ऐकू आला की मी ताटावरून मान वर केली.

तुझ्या तोंडून हे कपाट सुरू झालं असं लोक म्हणतात, पण खरं तर ते माझ्या तोंडून सुरू झालं. मी साताऱ्याची, लग्न होऊन इथे आलेली. तुला काय, घाटापलीकडचं सगळं तुझ्या लेखी पुणं. 'पुण्याची बाई' म्हणता म्हणता तू मला 'पुण्याई' करून टाकलंस. नागपूरला ग्रंथपालनाचा वर्ग आपण बरोबर केला, एकाच बाकावर बसून दशांश वर्गीकरणाचे आकडे घोकले, आणि वर्ध्याला परतल्यावर या वाचनालयात दोन टेबलांवर बसलो. पहिल्याच महिन्यात एक शेतकरी आला. पागोटं काढून हातात धरलेलं, बोलायला संकोचलेला. म्हणाला, "बाई, बंडीचं एखांदं पुस्तक हाय का जी?"

मला फार आनंद झाला. शिवणकामाचं नवं पुस्तक आलं होतं, त्यात बंडी कशी बेतायची याची आकृती होती, बाह्या नसलेली, पुढे खिसे असलेली. घरच्या माणसांसाठी शिवायचं असेल असं समजून मी ते त्याच्यापुढे उघडून ठेवलं. त्याने ते शांतपणे पाहिलं. पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाला, "चांगलं हाय. पन याच्यात चाक नाई दिसून राह्यलं."

तुझं हसू मला अजून आठवतं. तू टेबलाखाली वाकलीस ती वर येईचना. इथे बंडी म्हणजे बैलगाडी, हे मला तेव्हा समजलं. त्याला चाकाला लोखंडी धाव कशी चढवायची ते हवं होतं, आणि ते पुस्तक आपल्याकडे होतं, ग्रामोद्योगांच्या फळीवर, एका कोरड्या कार्डाच्या मागे, 'वाहने' या नावाखाली. वाहने! तो माणूस साऱ्या जन्मात 'वाहने' म्हणाला नसता. तू डोळे पुसत त्याला पुस्तक काढून दिलंस आणि त्या दिवशी दुपारी पहिलं कार्ड लिहिलंस. बंडी. त्याच्याखाली पुस्तक. आणि 'वाहने' या माझ्या सुंदर अक्षरातल्या कार्डावर तुझ्या तिरप्या अक्षरात : बंडी पहा.

नागपूरच्या आपल्या गुरुजींना तू हे सांगितलंस तेव्हा ते म्हणाले, हा संशोधनाचा विषय आहे, नीट करा. वाचक कोणत्या शब्दाने मागतो आणि ग्रंथपाल कोणत्या शब्दाने ठेवतो, या दोन्हींत किती अंतर पडतं ते शोधा. मग त्यांनी विचारलं, "तुमची पद्धत काय राहील?" तू म्हणालीस, "गप्प राहाची." त्यांच्यासमोर बसलेला सगळा नवा वर्ग हसला, पण तू विनोद केलाच नव्हता. वाचक बोलत असताना त्याचा शब्द दुरुस्त करायचा नाही. भुवईसुद्धा उचलायची नाही. त्याला अर्थ विचारायचा नाही, कारण अर्थ विचारला की माणूस घाबरतो आणि शाळेतला शब्द शोधायला लागतो. तो म्हणेल तसं कागदाच्या कपट्यावर उतरवायचं. हा तुझा नियम. हा पाळताना मला किती त्रास झाला, तुला माहीत आहे. कोणी 'इचार' म्हटलं की माझी जीभ आपोआप 'विचार' म्हणायची आणि तू टेबलाखालून माझा पाय दाबायचीस.

शनिवारी तू मला कधी देवळीला न्यायचीस, तुझ्या घरी. तिथून बाजारात. तुझ्या भावाच्या दुकानासमोर भाजीवाल्या बसत. तू त्यांच्यातल्या एकीसमोर उकिडवी बसून विचारलंस, "माय, तुले पऱ्हाटीवरच्या किडीचं पुस्तक पाह्यजे असन, तं काय म्हून मांगशीन?"

"मले वाचता येत नाई. मी काय मांगू?"

"समज येते."

म्हातारीने क्षणभर समजून पाहिलं. "येते तं मी पह्यले माह्या पोराचं पत्र वाचीन. किडीचं काऊन वाचू?"

तू ते उत्तरही कपट्यावर लिहिलंस. परतताना मोटारीत मी म्हटलं, हे कुठल्या विषयाखाली घालशील? तू खिडकीबाहेर बघत होतीस. बाहेर दोन्ही बाजूंना पांढरी वावरं सरकत होती. मग म्हणालीस, "ठेवतो बाजूले. त्याचा इषय अजून जन्माले याचा हाय." तुला असं बोलायची सवय होती, आणि मी विचारात पडेपर्यंत तू झोपी गेलेली असायचीस. माझ्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून, वर्ध्याचा स्टँड येईपर्यंत.

हिवाळ्यात आपल्या वाचनालयात कापूस शिरायचा. मागच्या गल्लीतलं सरकी काढायचं जिन सुरू झालं की दुपारपासून हवेत पांढरे तंतू तरंगायचे. खिडकीतून येऊन ते टेबलावर, पुस्तकांवर, आपल्या केसांवर बसायचे. कार्डांचा खण ओढला की आतून थोडी रुई उडायची. मला आठवतं, अशाच एका दुपारी वाचक कोणी नव्हतं, उन्हाचा एक पट्टा जमिनीवरून कपाटाकडे सरकत होता आणि आपण दोघी पेंगत होतो. तू मधेच डोळे उघडून म्हणालीस, "मले सपन पडलं. सारे कार्डं उडून गेले. देवळीपर्यंत गेले. बायका केसातून एकेक काढून पाहून राह्यल्या आन म्हनून राह्यल्या, हा माहा, हा तुहा."

"आणि पुस्तकं?" मी विचारलं.

"पुस्तकं इथंच. त्यायले काय झालं, ते जड असतेत."

मग तू पुन्हा डोळे मिटलेस. मी बराच वेळ तशीच बसून राहिले. सातारा, सासर, संसार, सगळं कुठे तरी लांब गेलं होतं, आणि तो उन्हाचा पट्टा तुझ्या पायापर्यंत पोचेपर्यंत मला काहीही करायचं नव्हतं. नलू, वर्ध्यात येऊन मला सुख झालं असेल तर ते अशा दुपारींचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही.

भांडण मात्र खरं होतं. लोकांना वाटायचं या दोघी गमतीने भांडतात. मी गमतीने भांडत नव्हते. मला अजून वाटतं की तुझी दिशा उलटी होती. शब्द गावापुरता असतो आणि पुस्तक सगळ्यांचं असतं. उद्या अकोल्याहून, नगरहून, कुठूनही कोणी आलं तर त्याला आपल्या कपाटात वाट सापडली पाहिजे. एक सामायिक शब्द हवा, मग तो थोडा कोरडा असला तरी चालेल. तू म्हणायचीस, "कापूस नोको म्हनू. झाडावर हाय तवा पऱ्हाटी. बोंडातून निंगला का कापूस. जिनातून निंगला का रुई. जो पऱ्हाटी म्हंते त्याच्या वावरात कीड हाय. जो रुई म्हंते त्याले भाव पाह्यजे. तुहा एकच शब्द त्यायले दोघायले वापस पाठवते." मी म्हणायचे, मग एकच पुस्तक तीन ठिकाणी ठेवू का? तू म्हणायचीस, "पुस्तक एकच. दारं तीन." आता या वाक्यावर काय बोलायचं? वाक्य छान असलं म्हणजे ते बरोबर असतंच असं नाही, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.

आणि सेलूला मी जिंकले होते, ते विसरू नकोस. देवळीच्या बायका टोमॅटोला भेदरं म्हणाल्या म्हणून तू ऐटीत 'भेदरं' हे कार्ड करून ठेवलं होतंस. सेलूच्या बाजारात गेलो तर तिथला भाजीवाला म्हणाला, "भेदरं? थे जुने लोकं म्हंतेत बाई. आता टमाटर म्हना." मी तुझ्याकडे नुसतं पाहिलं. नागपूर जवळ, हिंदीची हवा, शब्द पुढच्याच गावात पालटलेला. सांग आता, लोकांचा शब्द म्हणजे कोणत्या लोकांचा? दुसऱ्या दिवशी रागातच तू कार्डं लिहिलीस, आणि आठवडाभराने एक पेन्शनर गृहस्थ तक्रार घेऊन आले की मी कपाटात तासभर चालतो आहे. तू 'टमाटर'वर लिहिलं होतंस 'भेदरं पहा', आणि 'भेदरं'वर लिहिलं होतंस 'टमाटर पहा'. दोन्हींखाली पुस्तक नव्हतं. त्या बिचाऱ्यांना परसात चार रोपं लावायची होती आणि ते एका खणातून दुसऱ्या खणात येरझारा घालत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसाच नव्हता, नुसता वळसा. तू कार्डं दुरुस्त केलीस, त्यांना पुस्तक दिलंस, वर चहाही पाजलास. ते गेल्यावर म्हणालीस, "फिरता फिरता त्यायनं किती कार्डं वाचले असतीन, पाह्य. नसते वाचले नाई तं." तुला हरवता येत नसे ते असं.

त्या शेवटच्या शनिवारी मी तुला तोच प्रश्न विचारला होता, सेलूचाच, जरा नीट करून. प्रत्येक गावाचा शब्द निराळा, प्रत्येक गरजेचा निराळा, तर मग नलू, पुस्तकाचं स्वतःचं नाव कोणतं? तू पिशवीत प्रबंधाचे कागद भरत होतीस. 'मागणारा काय म्हणतो' असं त्याचं नाव ठरवलं होतंस आणि शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. अंगात कणकण होती म्हणून शाल पांघरली होतीस. थांबलीस, जरा हसलीस. म्हणालीस, "सोमवारी सांगतो. आता मोटार सुटन." बायकांनी 'सांगतो', 'जातो' म्हणायची तुमच्याकडची रीत मला आधी कशी खटकायची. सोमवारी मी दारात उभी राहून मोटारीची वाट पाहिली, उत्तर ऐकायला. मोटारीतून तुझा भाऊ उतरला.

तुझं उत्तर काय असणार याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. स्वप्नात तू येतेस, कपाटाचा एक खण ओढतेस, तो संपतच नाही, दाराबाहेर जातो, देवळीच्या रस्त्याला लागतो, आणि तू एकेक कार्ड बोटाने मागे सारत त्याच्याबरोबर चालत जातेस. मी हाक मारते. तू वळतेसही. तुला मोटारीची घाई नसते, तरी तू सांगत नाहीस.

रविवारी मी खोटं बोलणार नाही. नलू बरोबर होती असं म्हणून रडणार नाही. माणूस गेलं म्हणून त्याचा मुद्दा खरा होत नाही, आणि तुला तसली दया आवडलीही नसती. पण तुझी कार्डं काढून टाका असं माझ्या तोंडून यावं, हेही मला जमणार नाही. मी काय बोलणार आहे हे मला अजून माहीत नाही.

इथपर्यंत लिहून मी कागद ठेवून दिले होते. आज रविवार. समिती झाली. पण ती सांगायच्या आधी शुक्रवार सांगायला हवा, कारण शुक्रवारी तुझी माय आली होती.

ती याआधी कधी वाचनालयात आलेली नव्हती. तुझ्या भावाने तिला दारात सोडलं आणि तो बाजाराच्या कामाला गेला. घरी राहिलेली वाचनालयाची पुस्तकं तिने पदराखाली धरून आणली होती, कुणाच्या नजरेला पडू नयेत अशी. मी तिला तुझ्या टेबलाशी बसवलं, पाणी दिलं. तिने टेबलावरून हात फिरवला. मग कपाटाकडे पाहून म्हणाली, "हेच का थे?"

"हेच."

"लय बोलत जाय याच्यावर. तुमचं नाव घे. पुण्याई म्हंते, पुण्याई भांडते, आन भांडली का मले समजते मी काय करून राह्यली थे."

नलू, हे तू मला सांगायला हवं होतंस. मायला सांगून ठेवायची ही कसली रीत?

तिने पदराखालची पुस्तकं एकेक करून टेबलावर ठेवली. मग खाली बघत, संकोचून, अगदी त्या बंडीवाल्याने विचारलं होतं तसं तिने मला विचारलं. "बाई, पोथी वाचतो मी हळूहळू. पन पोथीत ध्यान लागत नाई. घरी गमूनच नाई राह्यलं. सैपाकघरात गमत नाई, ओसरीवर गमत नाई. गमन असं एखांदं पुस्तक हाय का तुमच्याइथं?"

मी गप्प राहिले. तुझा नियम म्हणून नव्हे, मला बोलताच आलं नाही.

लग्न होऊन इथे आले तेव्हा शेजारणी विचारायच्या, "गमते का वं इथं?" मला वाटायचं, या बायकांना उठल्यासुटल्या कसली गंमत हवी असते! मी आपली म्हणायची, हो, खूप गंमत वाटते. आणि त्या एकमेकींकडे बघायच्या. पुढे कोणीतरी सांगितलं की गमत नाही म्हणजे करमत नाही. मी ते पाठ केलं आणि विसरून गेले. शुक्रवारी तुझ्या मायपुढे उभी असताना मला समजलं की ते मी चुकीचं पाठ केलं होतं. माझ्याकडे 'करमणूक' असं कार्ड आहे. त्याच्याखाली प्रहसनं आहेत, कोडी आहेत, पत्त्यांच्या खेळांचं एक पुस्तक आहे. तिथे मी त्या माउलीला पाठवू? मग मी तुझं कपाट उघडलं, ग अक्षराचा खण, आणि सगळा पाहिला. गहू होता, गवंडीकाम होतं, गळू होतं. गमणं नव्हतं. एवढ्या बाजारांत हिंडलीस, एवढ्या म्हाताऱ्यांसमोर उकिडवी बसलीस, आणि हा शब्द तुला ऐकू आला नाही. येणार कसा? तो तुझ्या घरातच होता, पाण्याच्या माठासारखा. तो बाहेरून आलेल्या माणसालाच दिसणार, ज्याने एकदा त्याला गंमत समजून ठेच खाल्ली आहे.

मी तुझ्या मायला पुस्तक दिलं नाही. तिच्याशेजारी बसले. तू इथे काय काय करायचीस ते सांगत बसले, पेन्शनर गृहस्थांचा वळसा सांगितला, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली आणि मग रडली. जिनाचा भोंगा झाला. भाऊ घ्यायला आला. जाताना माझा हात धरून म्हणाली, "इथं बसून जराक गमलं, बाई. पुन्हा येऊ का?" मी म्हटलं, या, रोज या.

आज समितीत वकीलसाहेबांनी ठराव वाचला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मालतीबाई, आपला तर प्रथमपासून विरोधच होता." मी म्हटलं, होता आणि अजूनही आहे. सामायिक शब्द असायलाच हवा. पण शुक्रवारी एक बाई एक पुस्तक मागून गेल्या, ते कोणत्या शब्दाखाली ठेवायचं ते मला समितीने सांगावं. आणि मी तुझ्या मायचं मागणं होतं तसं सांगितलं, तिच्याच शब्दांत. माझ्या तोंडी ते वेडंवाकडं आलं असेल.

वकीलसाहेब म्हणाले, "त्याला प्रमाण शब्द आहे. करमत नाही. विषय मनोरंजन." आणि ते लिहायला त्यांनी टाक उचलला. मग लिहिलं नाही. टाक तसाच धरून खिडकीकडे बघत राहिले. कोर्टात कधी एक शब्द अशुद्ध बोलले नसतील असा तो माणूस, हळूच म्हणाला, "आमची माय गेली तवा बाबूजी वर्षभर हेच म्हनत होते. कोठंच गमत नाई म्हनत. आमी त्यायले नाटकाले नेलं." आणि थांबले. थोड्या वेळाने त्यांनी ठरावाचा कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला, घसा साफ केला आणि पुन्हा नेहमीच्या भाषेत म्हणाले की कपाट आहे तसं राहील, मात्र परगावच्या वाचकांसाठी प्रमाण शब्दांची कार्डं मालतीबाईंनी त्यात घालावीत, दोन्हीकडून वाट असावी. मला हेच हवं होतं. तुलाही चाललं असतं, थोडं कुरकुरून.

सगळे गेल्यावर मी तुझ्या टेबलाशी बसले. एक कोरं कार्ड घेतलं, 'करमणे' असं लिहिलं, आणि त्याखाली लिहिलं : गमणे पहा. हो, तुझ्याच दिशेने. हे एकच. बाकीच्यांवर मी भांडणार आहे. मग दुसरं कार्ड घेतलं, वर 'गमणे' लिहिलं आणि खाली पुस्तकाचं नाव लिहायला म्हणून थांबले. सगळी कपाटं डोळ्यांपुढून गेली. एकही आठवलं नाही. तू असतीस तर मला म्हणाली असतीस, ठेव बाजूला, त्याचं पुस्तक अजून जन्माला यायचं आहे, आणि मी चिडले असते.

ते कार्ड तसंच खणात लावलं आहे. जिन बंद होतं, खिडकी उघडी होती, रस्त्यावर कोणी नव्हतं. मला हे साताऱ्याच्या भाषेत लिहून पाहायचं होतं, पण त्यात ते बसत नाही. तुझ्या भाषेत पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलं तर दुरुस्त करू नकोस.

नलू, तू गेली तवापासून मले इथं गमून नाई राह्यलं.